रतनगडावर ऊन कधी पडतं

निसर्गाचे फोटो नीट शिकायचे तर जागा बदलायची नाही, ऋतू बदलू द्यायचे, असं ठरवून मी भंडारदऱ्याचा परिसर निवडला. नाशिकहून घोटीमार्गे सत्तरेक किलोमीटर. अपरात्री निघालं तर उजाडायच्या आत पाण्याच्या काठाशी उभं राहता येतं. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्यामागे साठलेला आर्थर लेक मधोमध, उत्तरेला १६४६ मीटरचं कळसूबाई, दक्षिणेला रतनगड, पश्चिमेला घाटघरचा थेट कोकणात उतरणारा कडा, आणि जलाशयाला वळसा घालत शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद, रतनवाडी, मुतखेल अशी गावं जोडणारा रस्ता. डोंगर, पाणी, शेती, जंगल आणि दरी एवढ्या छोट्या गोलात एकत्र मिळणारी जागा आमच्या भागात दुसरी नाही, निदान मला तरी माहीत नाही.

सामान साधंच होतं. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या दोन लेन्स (आकडा लहान तेवढी चौकट रुंद, मोठा तेवढं दूरचं जवळ), चकाकी कापणारा पोलरायझर, उजेड कमी करणारा एक एनडी फिल्टर आणि जड पण भरवशाचा ट्रायपॉड. वर्षभरात त्यात भर पडली ती फक्त काजव्यांसाठी मैत्रिणीकडून मागून आणलेल्या ३५च्या लेन्सची. डोळ्यांना जो डोंगर भव्य दिसतो तो फोटोत का बसतो आणि कधी उभा राहतो, एवढं एकच मला शोधायचं होतं.

पहिलं काम घरी बसून केलं, आणि पुढच्या वर्षभरात सर्वात जास्त उपयोग त्याचाच झाला. जलाशयाचा नकाशा छापून घेतला आणि त्यावर सूर्याच्या दिशा आखल्या. आपल्याकडे, साधारण साडेएकोणीस अक्षांशावर, सूर्य अगदी पूर्वेला उगवतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपासच. जूनच्या २१ तारखेला तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश उत्तरेकडे उगवतो, डिसेंबरच्या २२ला तेवढाच दक्षिणेकडे. म्हणजे सहा महिन्यांत उगवतीची जागा क्षितिजावरून ५० अंश सरकते. मावळतीचंही तेच. शाळेत उत्तरायण-दक्षिणायन शिकलेलं असतं, पण नकाशावर पेन्सिलीने त्या रेषा ओढल्या की कुठल्या महिन्यात कुठल्या कड्यावर ऊन येणार हे समोर मांडून ठेवल्यासारखं दिसतं.

पांजऱ्याच्या काठावरून रतनगड दक्षिणेला दिसतो, म्हणजे आपल्यासमोर येते ती त्याची उत्तरेची भिंत. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे ही भिंत सावलीतच राहते. डिसेंबरच्या स्वच्छ हवेत, निळ्याभोर आकाशाखाली तिचा फोटो काढला तरी डोंगर करडा आणि सपाट येतो. कॅमेरा बदलून त्यात फरक पडत नाही. नकाशा घेऊन मी पांजऱ्यात ज्यांच्याकडे मुक्काम करते त्या मामांना हे दाखवलं, तर ते म्हणाले, "ताई, थंडीत त्या अंगाला ऊन नसतंच. तिथलं दव दुपार झाली तरी वाळत नाही. ऊन बघायचं तर चैतात या."

चैत्र म्हणजे मार्च-एप्रिल. एप्रिलच्या शेवटी सूर्य पूर्वेपासून चौदा-पंधरा अंश उत्तरेला उगवतो आणि ते पहिलं ऊन रतनगडाच्या उत्तर भिंतीला घासत जातं. ऑगस्टच्या उत्तरार्धातही जवळपास तोच कोन पुन्हा येतो, फक्त तेव्हा ढगांची कृपा लागते. उलट कळसूबाईच्या रांगेची दक्षिणेकडची बाजू हिवाळाभर उजेडात असते. म्हणून माझं वेळापत्रक असं बसलं: थंडीत जलाशयाच्या दक्षिण काठावरून कळसूबाई, उन्हाळ्यात उत्तर काठावरून रतनगड.

तिरप्या उन्हाचा एवढा आग्रह का, ते सह्याद्रीच्या दगडात आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. टणक थराचा उभा कडा राहिला, ठिसूळ थर झिजून त्याची उतरती पायरी झाली, त्या पायरीवर गवत आणि झाडं. आपल्या डोंगरांचा सगळा चेहरा या आडव्या रेषांमध्ये आहे. ऊन समोरून पडलं की या रेषा पुसल्या जातात. बाजूने पडलं की प्रत्येक थराखाली सावलीची बारीक कड उमटते आणि डोंगराला जाडी येते. बर्फाच्या टोकदार शिखरांचे फोटो पाहून शिकलेले नियम इथे अर्धेच लागू पडतात. आपल्याकडे टोकापेक्षा थर महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट वेळेची. युरोपातले छायाचित्रकार सोनेरी उजेडाबद्दल निवांतपणे बोलतात, कारण तिथे सूर्य तिरका तिरका वर चढतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ वर येतो. क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला अर्धा तासही लागत नाही. तेवढ्यात लेन्स बदलणं, ट्रायपॉड उघडणं, जागा शोधणं असं काही करायला वाव नसतो. म्हणून मी जागा नेहमी आदल्या संध्याकाळी पक्की करते. ट्रायपॉडचे पाय कुठे रोवायचे तिथे तीन दगड मांडून ठेवते आणि सकाळी अंधारात टॉर्चने ते दगड शोधते.

नोव्हेंबरच्या शेवटाची मुतखेलच्या बाजूची एक पहाट इथे सविस्तर सांगते, कारण माझी पद्धत त्या दिवसापासून पक्की झाली. सूर्योदय पावणेसातच्या पुढे होता, मी साडेपाचला काठावर होते. पाणी काठोकाठ भरलेलं. हवा थंड आणि पाणी त्यामानाने कोमट, त्यामुळे पाण्यावर वाफेचा पातळ थर तरंगत होता. वारा अजिबात नव्हता. या जलाशयावर थंडीत उजाडल्यावर थोड्याच वेळात झुळूक सुरू होते आणि प्रतिबिंब मोडतं, त्यामुळे जे करायचं ते त्याआधी.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर काठावरचे दगड आणि पलीकडचा डोंगर यांच्यामध्ये पाण्याचा रिकामा पट्टा खूप मोठा येतो. ट्रायपॉडचे पाय फाकवून मी कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणला. तो पट्टा आक्रसला, कळसूबाईचं प्रतिबिंब दगडांच्या जवळ आलं. पण फार खाली गेलं की दगड प्रतिबिंबात घुसतात आणि शिखराचं टोक कापतात. वितभर वर, वितभर खाली करत, दगडाची कड आणि उलट्या शिखराचं टोक यांच्यात बोटभर पाणी राहील अशा उंचीवर थांबले. फोटोतल्या वस्तू एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, प्रत्येकीभोवती थोडी मोकळी जागा ठेवायची, ही एक गोष्ट सांभाळली तरी चौकट स्वच्छ होते. त्यासाठी झूम फिरवण्यापेक्षा पाऊलभर सरकणं जास्त कामाचं.

फोकस कुठे करायचा? जवळचा दगड मीटरभरावर, डोंगर काही किलोमीटरवर. क्रॉप सेन्सरवर १८ मिलिमीटरला एफ ११ ठेवलं (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र बारीक) आणि साधारण दीड मीटरवर फोकस केला, तर पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. याला हायपरफोकल अंतर म्हणतात. अंधारात लेन्सवरचे आकडे वाचत बसण्यापेक्षा मी दीड मीटरवर टॉर्च ठेवते, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, तो मोठा करून त्यावर फोकस करते, मग लेन्स मॅन्युअलवर टाकते आणि रिंगला हात लावत नाही. सगळंच स्पष्ट हवं म्हणून एफ २२ पर्यंत जाण्याचा मोह टाळावा. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो थोडा मऊ पडतो. माझ्या कॅमेऱ्यावर एफ ८ ते एफ ११ सर्वात धारदार.

उजाडायच्या आधीच्या निळ्या उजेडात शटर २० सेकंदांचं लागत होतं. वाफ त्यात गुळगुळीत झाली, छान दिसली, पण मला तिच्या शेंड्या हव्या होत्या. आयएसओ, म्हणजे प्रकाशाला दाद देण्याची कॅमेऱ्याची पातळी, १०० वरून ८००वर नेला आणि शटर अडीच सेकंदांवर आलं, तेव्हा वाफेला आकार मिळाला. मग शिखराच्या माथ्यावर ऊन टेकलं. आता माथा तेजस्वी, पायथा अंधारात, आणि प्रतिबिंब मूळ डोंगरापेक्षा एखादा स्टॉप काळं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एका एक्स्पोजरमध्ये हे सगळं बसवायचं तर सावल्या फार उचलाव्या लागतात, म्हणून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढले, म्हणजे ब्रॅकेटिंग केलं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख पाहताना माझी नजर फक्त उजव्या, सर्वात उजळ टोकाच्या भिंतीवर असते. उन्हातला माथा एकदा पांढरा फुटला की सेन्सरची कच्ची माहिती ठेवणाऱ्या रॉ फाइलमध्येही तो परत मिळत नाही. सावलीतून बरंच काही काढता येतं.

ऊन कड्यावरून खाली उतरत गेलं. सर्वात चांगला फोटो आला तो अर्धा डोंगर उजेडात आणि अर्धा सावलीत असताना. ऊन उजवीकडून, किंचित मागून येत होतं, त्यामुळे थरांच्या रेषा एकेक करून उघडत होत्या. पूर्ण डोंगर उजळेपर्यंत पाण्यावर पहिली सुरकुती आली होती.

लांब लेन्सचा वापर मी कळसूबाईच्या माथ्यावर शिकले. बारी गावातून चढून वर गेलं की पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड रांगेत दिसतात. उंचावर गेल्यावर हात आपोआप वाइड लेन्सकडे जातो, कारण सगळं मावावंसं वाटतं. पण १८ला हे तिन्ही गड खाली क्षितिजाशी बारीक होऊन बसतात आणि तीन चतुर्थांश फोटो आकाशाने भरतो. १३५ ते २०० च्या दरम्यान आलं की गडांच्या मागची डोंगररांग वर येते, एकामागे एक पाच-सहा पदर उभे राहतात आणि सह्याद्री खरोखर जसा आहे तसा दिसतो. मला विचाराल तर आपल्या डोंगरांसाठी पहिली विकत घ्यायची लेन्स लांबची, वाइड नंतर.

या पदरांसाठी हवा थोडी धुरकट असलेली बरी. पावसाने धुतलेल्या स्वच्छ हवेत सगळ्या रांगा सारख्याच गडद येतात. मार्च-एप्रिलमध्ये, शेतातले राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जागा, भाजायला सुरुवात झाली की धूर आणि धूळ मिळून हवेत पडदा धरतो आणि प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा एक छटा फिकट होते. लोक या दिवसांत कॅमेरा कपाटात ठेवतात, मी मुद्दाम जाते. सूर्य मावळतीला गडांच्या मागे, थोडा उजवीकडे असताना सर्वात जवळची रांग जवळजवळ काळी ठेवायची, त्यासाठी एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने कमी. सकाळी काढायचं असेल तर आठच्या आत, कारण नंतर दरीतली गरम हवा थरथरते आणि लांब लेन्समध्ये कडे वितळल्यासारखे दिसतात. वर वारा जबर असतो. ट्रायपॉडचा मधला दांडा खालीच ठेवायचा, पिशवी त्याला लटकवायची, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

पावसाळा आला की सगळं गणित बदलतं आणि माझ्या मते या भागाचे सर्वात सुंदर फोटो पावसाळ्यातच निघतात. आकाशच प्रकाशाचा मोठा पडदा होतो, दिशा उरत नाही. मग सूर्याचं वेळापत्रक बाजूला ठेवून धुक्याचं पाहायचं. घाटघर ते साम्रदच्या रस्त्यावर धुकं इतकं दाट येतं की दहा पावलांवरचं झाड दिसेनासं होतं. विरळ झालं की त्यातून एकच झाड, मग त्यामागचं दुसरं, असे आकार सुटे होतात. एरवी जे जंगल फोटोत नुसती गर्दी वाटतं, त्यातून धुकं हवं तेवढंच निवडून देतं. कॅमेऱ्याचा मीटर धुक्याला करडं समजतो आणि फोटो अंधारतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवलं की धुकं पांढरं राहतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा थंड-उबदार तोल, ऑटोवर न सोडता मी ५५०० केल्व्हिनच्या आसपास बांधून ठेवते, म्हणजे एका सकाळचे फोटो एका रंगाचे येतात.

रतनवाडीच्या रस्त्याला ओढे आणि धबधबे पावलोपावली. इथे पोलरायझरशिवाय मी लेन्स उघडतच नाही. पुष्कळांना वाटतं हा फिल्टर आकाश निळं करण्यासाठी असतो. त्याचं खरं काम पावसाळ्यात आहे. ओल्या पानावर, ओल्या दगडावर ढगाळ आकाशाची पांढरी चकाकी बसलेली असते आणि तिच्याखाली खरा रंग दडतो. अशाच एका ओढ्याकाठी दगडावर उगवलेल्या नेच्याचा पुंजका समोर धरून फिल्टर हळूहळू फिरवत होते. आधी नेच्याच्या पात्यांवरचं पांढरं हटलं, मग पाण्यातला दगड तळापर्यंत दिसू लागला, आणखी फिरवलं तर पाण्यावरची सगळीच चमक गेली आणि पाणी आहे की नाही कळेना. तिथून थोडं मागे आणलं. पूर्ण परिणाम नेहमीच हवा असतो असं नाही, पाण्याच्या ओलेपणाची खूण म्हणून थोडी चमक ठेवावी.

पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे ढगाळ सकाळी एनडी फिल्टर न लावताही शटर पाव सेकंदापर्यंत खाली येतं. धबधब्यासाठी मला पाव ते अर्धा सेकंद पुरतो. पाण्याच्या दोऱ्या सुट्या दिसतात आणि ते कोसळतंय हेही कळतं. दहा स्टॉपचा एनडी लावला तर एक तीसांश सेकंदाचं शटर ३४ सेकंदांवर जातं, पण मग धबधब्याच्या जागी पांढरी चादर येते. तो फिल्टर मी जलाशयावरच्या लाटा शांत करायला वापरते, वाहत्या पाण्याला कधीच नाही.

पावसात काम करताना तंत्रापेक्षा फडकी जास्त लागतात. तीन-चार कोरडी मायक्रोफायबरची फडकी वेगवेगळ्या खिशांत, मोठी छत्री आणि ती धरायला जमल्यास एक माणूस. लेन्सचं हूड कायम लावलेलं. प्रत्येक फोटोनंतर मोठं करून पाहायचं, कारण लेन्सवर बसलेला एक थेंब छोट्या पडद्यावर दिसत नाही आणि घरी आल्यावर फोटोच्या मधोमध भेटतो. तुषार फार असतील तर मागे सरकून लांब लेन्सने काढावं. गाडीत एसी लावू नये. गार झालेला कॅमेरा दमट हवेत बाहेर काढला की आतून-बाहेरून वाफ धरतो. आणि घरी परतल्यावर थकवा कितीही असो, सगळं पुसून, रात्रभर पंख्याखाली ठेवून, मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. पावसाळ्यात बॅगेत तसाच राहिलेला ओला कॅमेरा म्हणजे लेन्सच्या काचेत बुरशी.

साम्रदजवळच्या अरुंद सांदण दरीबद्दल थोडक्यात. ती पावसाळ्यात वर्ज्य, तिथे पाण्याचा लोंढा केव्हा येईल सांगता येत नाही. हिवाळ्यात जावं, आणि बाकी सगळीकडे जे टाळतो ते ऐन दुपारचं ऊन तिथे साधावं. दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या जवळ आहेत की ऊन तळाच्या आसपास पोचतं ते दुपारीच. एका भिंतीवर पडलेलं ऊन परतून समोरच्या सावलीतल्या भिंतीवर तांबूस उजेड टाकतं. त्या परतलेल्या उजेडाचे फोटो काढावेत आणि वरचं आकाश चौकटीतून पूर्ण वगळावं. माणूस उभा केला तर भिंतींची उंची कळते.

काजव्यांचं मात्र थोडक्यात सांगता येणार नाही. मेच्या अखेरीपासून जूनचा जोराचा पाऊस लागेपर्यंत, या परिसरातल्या सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर लाखोंनी काजवे चमकतात. एका झाडावरचे काजवे एका लयीत पेटतात आणि विझतात, लगेच शेजारचं झाड ती लय उचलतं. हे पाहताना कॅमेऱ्याकडे लक्ष जाणं कठीण होतं, म्हणून सगळी तयारी उजेड असतानाच उरकावी.

अमावास्येच्या जवळपासची तारीख निवडायची. संध्याकाळी झाड ठरवायचं, ट्रायपॉड पक्का रोवायचा, दिवसाउजेडी झाडावर फोकस करून रिंगवर चिकटपट्टी लावायची. अंधार पडताना, आकाशात थोडा निळेपणा शिल्लक असताना, झाडाचा आकार आणि मागचा डोंगर दिसेल असा एक फोटो काढायचा. हा पाया. त्यानंतर कॅमेऱ्याला अजिबात धक्का न लावता एफ २, आयएसओ १६००, प्रत्येकी १५ सेकंद असे फोटो लागोपाठ काढत राहायचे. घरी ते थर म्हणून एकावर एक ठेवून लाइटन पद्धतीने मिसळले की प्रत्येक फोटोतले फक्त उजळ ठिपके पायावर उमटतात. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवावं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ तो थांबून राहतो आणि लय तुटते. असा फोटो हा एका क्षणाचा नसतो. मी त्याखाली नेहमी लिहिते की हा अमुक मिनिटांच्या काजव्यांचा एकत्र केलेला फोटो आहे. पाहणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

आणि इथे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. काजव्यांचा प्रकाश म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं आहे. आपण टॉर्च मारला, गाडीचे दिवे चालू ठेवले, मोबाइलचा फ्लॅश उडवला की ते बोलावणं पोचत नाही. त्यांच्या आयुष्याचे हे मोजके दिवस असतात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि वनविभागाचे नियमही तेच सांगतात. कॅमेऱ्याचा पडदा बंद, त्याचा लाल दिवा चिकटपट्टीने झाकलेला, गाडी लांब रस्त्यावर आणि आपण झाडापासून दूर. गवतावर पाऊल टाकायचं नाही, कारण काजवे फक्त झाडावर नसतात, जमिनीवरही असतात. ज्यांना एवढं पाळणं जड वाटतं त्यांनी काजव्यांना जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उजेड पडलेल्या झाडाचा फोटो तसाही चांगला येत नाही.

संगणकावरच्या कामाला मी फार वेळ देत नाही, अपवाद हिरव्या रंगाचा. पावसाळ्यातला आपला हिरवा कॅमेऱ्यात पिवळट आणि भडक येतो. लाइटरूम असो की फुकट मिळणारं डार्कटेबल, सगळ्या रंगांचं सॅच्युरेशन एकदम वाढवलं की भाताची खाचरं प्लास्टिकची दिसतात. मी उलट करते. पिवळ्याचं सॅच्युरेशन उतरवते, हिरव्याची छटा किंचित निळ्याकडे नेते आणि त्याचा उजळपणा कमी करते. पोपटी खाचर, काळपट हिरवी करवंदाची जाळी, शेवाळाचा हिरवा, हे वेगवेगळे राहिले पाहिजेत. धूसरपणा काढणारी डीहेझची पट्टी धुक्याच्या फोटोला लावू नये, ज्यासाठी पहाटे उठून गेलो तेच ती पुसून टाकते.

शेवटी प्रिंट. २४ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंचांपर्यंत छान छापता येतो. संगणकाचा पडदा फार उजळ ठेवून काम केलं असेल तर प्रिंट काळपट येतं, म्हणून मी पडदा मंद करून पुन्हा पाहते आणि आधी छोटा नमुना छापून घेते. धुक्याच्या आणि पदरांच्या फोटोंना मॅट कागद शोभतो, ओल्या दगडाच्या फोटोंना थोडी चमक असलेला.

आवणीचे, म्हणजे भाताच्या लावणीचे फोटो मी रतनवाडीच्या अलीकडे एका कुटुंबाच्या शेतात काढले होते, आधी विचारून. चिखलाने भरलेली खाचरं, त्यात आकाशाचं प्रतिबिंब, वाकून रोपं लावणाऱ्या बाया आणि मागे धुक्यात अर्धा बुडालेला डोंगर. माणसं चौकटीत लहान ठेवली होती, त्यामुळे खाचरांचा विस्तार कळत होता. दिवाळीनंतर प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेले. मावशींनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, प्रत्येक बाईचं नाव सांगितलं, मग विचारलं, "वरची दोन खाचरं कुठं गेली? पाणी तिथनं खाली येतं." मी उभी होते तिथून ती दोन खाचरं बांधाआड जात होती. मावशी म्हणाल्या, "गोठ्याच्या मागनं चढायचं ना. तिथनं सगळं दिसतंय, खालच्या पाण्यापर्यंत."

पुढच्या आवणीला गोठ्यामागच्या पायवाटेने वर गेले. तिथून खाचरांच्या बांधांची उतरण वरच्या कोपऱ्यापासून खाली जलाशयापर्यंत एका वळणात दिसते, आणि लेन्स लागते ती ७० ते ८५. एफ ८, पोलरायझर अर्धा फिरवलेला, आणि शटर एक साठांशपेक्षा जलद, म्हणजे हात चालू असलेल्या बाया हलत नाहीत. आधीचा फोटो मी काढून टाकला नाही, पण मावशींच्या भिंतीवर आता हा दुसरा आहे.